ख्रिस्ती आनंद आणि कांटचं कर्तव्य : भांडण नेमकं कुठे आहे?

गैरसमज : ख्रिस्ती धर्म म्हणजे पाप, पश्चात्ताप आणि क्रूस. आनंदाला तिथे थारा नाही.

हसण्याखेळण्याकडे संशयाने पाहणारे धर्मगुरू चर्चच्या इतिहासात कमी नव्हते, हे खरं. पण येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै इथल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं ते कैदेत असताना. सुटका की मृत्यू, हे ठाऊक नसलेला हा माणूस वाचकांना मात्र पुन्हापुन्हा आनंद करायला सांगतो.

तेराव्या शतकातल्या धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने या आनंदाची नीट मांडणी केली. ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात तो आनंदाला स्वतंत्र सद्गुण मानत नाही. आनंद हा प्रेमाचा परिणाम, असं तो म्हणतो. दुःखावरचे उपायही त्याने दिले आहेत : सुखद गोष्टी, रडून मोकळं होणं, मित्रांची सोबत, सत्याचं चिंतन आणि, चक्क, झोप व अंघोळ! देहाचा तिरस्कार करणारा माणूस असं लिहीत नाही. नीतिविचारात त्याचा मोठा आधार होता ॲरिस्टॉटल, येशूच्या तीन शतकं आधीचा. सत्कृत्य करताना ज्याला आनंद होत नाही तो खरा सज्जन नव्हे, हे ॲरिस्टॉटलचं मत. म्हणजे देवाधर्माचा आधार न घेणारं नीतिशास्त्र ख्रिस्ती विचारात फार आधीपासून मुरलेलं आहे.

गैरसमज : कांटच्या मते मन मारून केलेलं कर्तव्यच खरं.

1785च्या ग्रंथात जर्मन तत्त्वज्ञ कांट एक उदाहरण देतो. स्वतःच्याच दुःखात बुडालेला, इतरांविषयी काहीही न वाटणारा माणूस निव्वळ कर्तव्य म्हणून मदत करतो. कृती कर्तव्यापोटी झाली की आवडीपोटी, हे वेगळं करून दाखवण्यासाठी घेतलेलं हे उदाहरण लोकांनी कांटचा आदर्शच मानलं. कवी शिलरने 1793मध्ये या रूक्षपणावर बोट ठेवलं. पुढच्याच वर्षी धर्मविषयक ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या टिपेत कांटने उत्तर दिलं : प्रसन्न मन हीच सद्गुणाची खूण, आणि गुलामासारखं कुढत नियम पाळणाऱ्याच्या मनात त्या नियमाचा द्वेष दडलेला असतो. एवढी महत्त्वाची गोष्ट तळटीपेत गेली, मग गैरसमज होणारच.

गैरसमज : सुखाला नीतीची कसोटी मानणारा उपयुक्ततावाद धर्माविरुद्धच्या बंडातून जन्मला.

उपयुक्ततावादाचा प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या बेंथमचा ग्रंथ 1789चा. त्याच्या चार वर्षं आधी तशीच मांडणी करणारा विल्यम पेली हा अँग्लिकन पाद्री होता. पुढे उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ मिलनेही येशूच्या सुवर्णनियमात (इतरांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसंच त्यांच्याशी वागा) उपयुक्ततावादाचं सार पाहिलं.

तरीही ख्रिस्ती विचार आणि धर्माचा आधार न घेणारं नीतिशास्त्र सगळं एकच, असं म्हणणं फसवं ठरेल. ख्रिस्ती विचारात पूर्ण आनंद ही देवाची देणगी आहे. माणूस तो स्वतःच्या बळावर कमावत नाही, आणि या जन्मात तो पुरता हाती येतही नाही. नीतीला ईश्वराचा आधार लागत नाही, असं मानणाऱ्या कांटची इथेच अडचण झाली. सज्जनाच्या वाट्याला सुख येईलच याची जगात हमी नाही. म्हणून 1788च्या ग्रंथात, सद्गुण आणि सुख यांचा मेळ बसावा यासाठी, त्याला ईश्वराचं अस्तित्व गृहीत धरावं लागलं.