उन्हायातलं का पावसायातलं?

भाचीचा मेसेज पहाटे पाचला आला. तिच्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. ‘मामा, अर्जातली उत्तरं लिहून झालीत. वाच आणि खरं खरं सांग.’

ती ऑस्ट्रेलियात मॅकायला राहते. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरचं हे शहर उसाचं. जूनमध्ये कारखाने पेटले की पुढचे पाच-सहा महिने सगळं गाव त्या हंगामावर चालतं. बहीण आणि मेहुणे तिकडे गेले तेव्हा ही तीन वर्षांची होती. आता बारावीला आहे, डॉक्टर व्हायचंय आणि अर्ज टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात करायचाय. तिथलं वैद्यकीय शिक्षण २००० साली सुरू झालं ते उघड हेतू ठेवून. उत्तर क्वीन्सलंडच्या खेड्यापाड्यांना, आडवळणाच्या वस्त्यांना, तिथल्या मूळ रहिवाशांना आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या लोकांना डॉक्टर मिळावेत, हा तो हेतू. त्यामुळे गुण तर लागतातच, पण सोबत लेखी अर्जही भरावा लागतो. डॉक्टर का व्हायचंय? इथेच का शिकायचंय? ग्रामीण भागाशी तुझा संबंध काय? तिथल्या माणसांच्या आरोग्याबद्दल तुला काय ठाऊक आहे? साधारण या वळणाचे प्रश्न. त्यातून निवडलेल्यांना मुलाखतीचं बोलावणं येतं.

भाचीचं पहिलं उत्तर होतं, मला लहानपणापासून लोकांना मदत करायला आवडतं. दुसऱ्यात यवतमाळजवळच्या आजोळची एक सुट्टी होती. गावातली गरिबी पाहून तिला फार वाईट वाटलं आणि तिथेच तिनं ठरवलं, वगैरे. तिसऱ्यात आकडेवारी होती. इंग्रजी सुरेख होतं. मी दोनदा वाचलं आणि मला माझा स्वतःचा पेपर आठवला.

मी शिकलो सेवाग्रामला. डॉ. सुशीला नय्यर या गांधीजींच्या डॉक्टर. १९६२ ते १९६७ त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं, खेड्यासाठी डॉक्टर घडवावेत म्हणून. त्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा स्वतःची असे आणि तिच्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीखेरीज गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. देशभरातून मुलं यायची. आम्ही सगळ्यांनी ‘सत्याचे प्रयोग’ वाचलं ते ओळींखाली पेन्सिलनं रेघा मारत, पेपरात काय येईल या धास्तीनं. अकरा व्रतं पाठ. ग्रामस्वराज्य म्हणजे काय, पाठ. मीही लिहून आलो की भारत खेड्यात राहतो आणि मला खेड्याची सेवा करायची आहे. मी तेव्हा अमरावतीच्या एका कॉलनीत राहत होतो आणि खेड्यात सलग दोन रात्रीही काढलेल्या नव्हत्या.

पाठ करून लिहिलेलं उत्तर निरर्थक असतं, असं मात्र मला वाटत नाही. त्या पेपरानं निदान एवढं केलं की कॉलेजात पाय ठेवण्याआधी, हे ठिकाण तुझ्याकडून काहीतरी मागणार आहे, हे कानावर घातलं. मग ते मागतही असत. पहिल्या वर्षाला गांधीजींच्या आश्रमात पंधरा दिवसांचं शिबिर, खादी, श्रमदान, सर्वधर्म प्रार्थना. नंतर प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. मुलं तिथे पंधरा दिवस राहतात, काही कुटुंबं वाटून घेतात आणि पुढेही त्यांच्याकडे जात राहतात.

माझ्या वाटच्या कुटुंबातल्या काकू घरापुढं तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी पाहणीचा फॉर्म घेऊन ओट्यावर टेकलो. कुटुंबात किती माणसं, किती खोल्या, चूल कुठली. मग विचारलं, ‘पाणी कुठून आणता?’ त्यांनी हातातली शेंग तशीच धरली आणि मला उलट विचारलं, ‘कोनतं सांगू बाप्पा, उन्हायातलं का पावसायातलं?’

माझ्या फॉर्मवर एकच चौकट होती. मी खोडून दोन केल्या. पावसाळ्यात घराजवळची विहीर, उन्हाळ्यात नाल्यापलीकडची. पावसाळ्यात पाणी जवळ, पण गढूळ, म्हणजे जुलाब. उन्हाळ्यात पाणी बरं, पण दोन-दोन खेपा, म्हणजे कंबर आणि मान. गरोदर सून असेल तर तिच्या नवव्या महिन्यात कुठला ऋतू पडतो, यावर तिची तब्येत. सगळं कम्युनिटी मेडिसिन त्या एका उलट्या प्रश्नात होतं. काकूंनी शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाल्या, ‘लिव्हलं का?’

सेवाग्रामलाच डॉ. उल्हास जाजूंनी आसपासच्या गावांत आरोग्यविम्याची योजना उभी केली, तिचा हप्ता ज्वारीत घेतला जाई. सुगी झाली की घरात धान्य असतं, हातात असतं, तेव्हा माणूस देऊ शकतो. तेच पैसे ऐन श्रावणात मागितले तर कुठून देणार? ही योजना आखणाऱ्याला औषधं येतच होती. त्याच्याखेरीज त्याला कणग्या कधी भरतात आणि कधी रिकाम्या होतात हे ठाऊक होतं. असा माणूस कॉलेजात शिरण्याआधी ओळखता येईल का, हाच त्या अर्जातल्या प्रश्नांचा खरा खटाटोप आहे.

जगभर हा खटाटोप नाना तऱ्हांनी चालतो. वैद्यकीय शिक्षणावरच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे की जे खेड्यात वाढले त्यांची डॉक्टर झाल्यावर खेड्यात जाण्याची आणि टिकण्याची शक्यता जास्त. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजनं १९७४ पासून याच धोरणानं मुलं निवडली आणि पुढं वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये दुर्गम भागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही ग्रामीण पार्श्वभूमीच्या मुलांना प्रवेशात झुकतं माप द्यावं, ही शिफारस आहे. जपानच्या जिची वैद्यकीय विद्यापीठात प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं घेतात. फी माफ, बदल्यात शिक्षणाच्या दीडपट वर्षं आपल्या प्रांतात सेवा, म्हणजे नऊ वर्षं.

मला सगळ्यात भावलेली पद्धत फिलिपिन्सची. लेते बेटावर १९७६ मध्ये फिलिपिन्स विद्यापीठानं आरोग्यविज्ञानाची एक शाळा काढली. तिथे मुलानं स्वतःबद्दल काय लिहिलं याइतकंच त्याच्या गावानं काय सांगितलं याला महत्त्व. गावच आपला उमेदवार पाठवतं आणि त्यानं परत येऊन गावाची सेवा करायची असते. शिक्षणही पायऱ्यापायऱ्यांचं. आधी सुईण म्हणून तयार व्हायचं, काम करायचं, मग नर्स, मग पुढं डॉक्टर. ‘मला सेवा करायची आहे’ हे वाक्य तिथे अर्जदाराला लिहावंच लागत नाही. ज्यांची सेवा करायची तेच सांगतात, हा करील.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनंही निवडीत माणूस पाहण्याचा आग्रह कित्येक दशकं धरला आणि त्याचं फळ महाराष्ट्राला मिळालं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघंही तिथले. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केलं, निरक्षर बायांना ग्रामआरोग्य सेविका म्हणून उभं केलं आणि १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे आता हे प्रश्नच उरले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नीट हीच हळूहळू प्रवेशाची एकमेव वाट ठरली आणि सेवाग्रामचा गांधीविचारांचा पेपरही त्यात गेला. नीट का आली, हे मला पक्कं ठाऊक आहे. वेगवेगळ्या परीक्षांसाठी गावोगाव फिरणारी मुलं आणि त्यांचे आईबाप मी पाहिलेत. मुलाखतीच्या नावाखाली वशिला आणि देणगी कशी चालायची हेही साऱ्या देशानं पाहिलंय. गरीब घरच्या हुशार मुलीला पर्यायाच्या गोलांत निदान कुणी तिचं आडनाव विचारत नाही. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. पण सातशेवीस गुणांच्या त्या पेपरात ‘तू कुणासाठी डॉक्टर होणार?’ हा प्रश्न कुठेच नाही, याचं मला मनापासून दुःख आहे. आपण तो साडेपाच वर्षांनी विचारतो, बंधपत्राच्या रूपानं. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर वर्षभर सेवा द्या. आणि बराच काळ त्याचं उत्तर दहा लाख रुपये भरूनही देता येत होतं.

म्हणून भाचीला तो प्रश्न आधी विचारला जातोय याचा मला हेवा वाटला. आणि तिनं तो वाया घालवू नये असं वाटलं. रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो.

पहिल्यांदा यवतमाळ काढलं. ते खोटं नव्हतं. पण वर्षाआड दोन आठवडे आलेल्या पाहुणीला गावातलं जे दिसतं तेच त्यात होतं. वाईट वाटलं, यात गाव कुठंय? त्यात फक्त आपण असतो. शिवाय टाउन्सव्हिलच्या परीक्षकांना उत्तर क्वीन्सलंडसाठी डॉक्टर हवेत. तिथे वाढलेल्या मुलीनं नऊ हजार किलोमीटरवरचं खेडं दाखवायचं आणि खिडकीबाहेरचं सोडून द्यायचं, हे त्यांना खटकणारच.

मग मूळ रहिवाशांबद्दलचा परिच्छेद. ‘त्यांच्यात आरोग्याविषयी जागृती करायला हवी’ असं तिनं लिहिलं होतं. मी तिला संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप खराब झालेल्या मुलांबद्दल सांगितलं. घशाच्या साध्या संसर्गातून सुरू होणारा हा आजार, वर्ध्याच्या वॉर्डात मी पुष्कळ पाहिला. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या मुलांत त्याचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. तो वाढतो एका खोलीत दहा माणसं झोपतात तिथं. पेनिसिलीनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, म्हणजे दवाखाना जवळ लागतो आणि तिथली नर्स ओळखीची लागते. यात जागृतीचा भाग किती आणि घराचा किती? तिनं तो परिच्छेद स्वतःच खोडला.

‘मग लिहू काय?’ ती रडकुंडीला आली. मी विचारलं, शनिवारी काय करतेस? ती एका औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. तिथे कोण कोण येतं ते सांग म्हटलं. ती सांगत गेली आणि तासभर सांगत राहिली. दोनशे किलोमीटर आतल्या कोळशाच्या खाणींकडून येणारी माणसं महिनाभराची औषधं एकदम नेतात, कारण पावसाळ्यात पूर आला की रस्ता बंद. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीचा मधुमेह. डॉक्टरची तारीख परीक्षेच्या दिवशीच आली, तर पुढची तीन महिन्यांनंतर. आणि एक ऊसवाला शेतकरी, सत्तरीचा. जुलैपासून दर शनिवारी येतो आणि ड्रेसिंगचं सामान नेतो. बोटाला जखम. डॉक्टरला दाखवलं का, असं तिनं विचारलं तर म्हणतो, क्रशिंग संपू दे.

मी म्हटलं, थांब. पुन्हा सांग ते.

ऊस तोडला की तो ठरल्या वेळात कारखान्याला जायलाच हवा, नाहीतर साखर उतरते. कारखाना तुझ्या बोटासाठी थांबत नाही. आपल्याकडे बीडची ऊसतोड कामगार बाई अंगावर दुखणं काढते तेव्हाही तिच्या डोळ्यांपुढे हंगामच असतो. दोघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो शेतमालक आणि ती मुकादमाच्या उचलीत अडकलेली. पण आजाराची तारीख दोघांसाठीही ऊसच ठरवतो. मग मी तिला तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या काकूंची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘हे आधी का नाही सांगितलंस?’

एका प्रश्नापाशी आम्ही अडलो. पुढं गावात काम करशील का? तिला ठाऊक नव्हतं. आईबाबा मॅकायला आहेत म्हणून तिला परत यावंसं वाटतं, पण त्याहून लहान गावात एकटीनं राहायची भीती वाटते. मी म्हटलं, तसंच लिही. ज्या कॉलेजनं दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या वर्षी मुलांना छोट्या गावांत पाठवायची सोय केली आहे, त्याला ही भीती माहीत आहे म्हणूनच ती सोय आहे. भीती लपवून ‘आयुष्य वाहून घेईन’ लिहिणाऱ्याला मुलाखतीत पहिल्याच उलट प्रश्नाला घाम फुटतो.

अर्ज पाठवायच्या आदल्या शनिवारी तिनं त्या शेतकऱ्याला विचारलं, नाव न घालता तुमच्याबद्दल लिहिलंय, चालेल का? तिनं त्याला उत्तर वाचून दाखवलं. त्यानं काउंटरवर हात टेकून शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, चालेल, पण मी दुर्लक्ष केलं असं वाटतंय यात. मी रोज रात्री गरम पाण्यानं धुतो, पट्टी बदलतो, लाली वाढली का बघतो आणि वाढली तर त्याच दिवशी निघणार, गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय. हेही लिही.

तिनं ‘दुर्लक्ष’ हा शब्द काढला आणि पेट्रोल घातलं.