मेणातला तुकडा

नांदेडहून किंवा जळगावहून रात्रीची गाडी पकडून पहाटे दादरला उतरायचं आणि तिथून परळला ‘टाटा’त जायचं, हा प्रवास महाराष्ट्रातल्या अनेक घरांच्या ओळखीचा आहे. या प्रवाशांच्या पिशवीत फायलींची चळत असते, सीटी स्कॅनचं भलंमोठं पाकीट असतं. तळाशी, रुमालात किंवा गोळ्यांच्या रिकाम्या डबीत जपून ठेवलेला प्लॅस्टिकचा एक चिमुकला चौकोनही असतो. त्यात पांढरट मेण असतं आणि मेणाच्या मधोमध दोऱ्याच्या तुटक्या टोकासारखं काहीतरी अडकलेलं दिसतं. दवाखान्यात त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. तो आहे फुफ्फुसाच्या गाठीचा, सुईनं काढलेला तुकडा.

मला या ब्लॉकचं विलक्षण अप्रूप वाटतं. आज फुफ्फुसाच्या कर्करोगावर जे काही नवं घडतं आहे, त्यातलं बरंचसं या तुकड्यापासून सुरू होतं.

शरीरातून निघाल्यावर तुकडा फॉर्मलिनमध्ये पडतो. मग अल्कोहोलनं त्यातलं पाणी काढून टाकतात आणि पाण्याच्या जागी वितळलेलं मेण मुरवतात. मेण थिजलं की मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्यावर त्याचे काप काढतात. एकेक काप चार-पाच मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण पंधराव्या हिश्शाएवढा. पात्यावरून निघालेली मेणाची फीत कोमट पाण्यावर तरंगते, सुरकुत्या आपोआप उलगडतात आणि तंत्रज्ञ ती काचेवर अलगद उचलून घेतो. हे काम करणारा हात बोटभर हलला तर काप फाटतो. आणि तुकडाच एवढासा असतो की तपासण्यांना पुरतील इतके काप काढताना जपून हात राखावा लागतो.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्या काचेला विचारायचे प्रश्न मोजकेच होते. कर्करोग आहे का? असल्यास ‘स्मॉल सेल’ की ‘नॉन-स्मॉल सेल’? उत्तर मिळालं की केमोथेरपी ठरायची, बहुतेकांना जवळजवळ सारखीच. आज त्याच काचेला विचारतात : तुझ्या पेशींच्या डीएनएच्या मजकुरात नेमकी कुठली चूक झाली आहे?

एक चूक मुद्दाम सविस्तर सांगते, कारण तिच्याइतकी थक्क करणारी गोष्ट मला या विषयात दुसरी सापडलेली नाही. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एएलके आणि ईएमएल४ अशी दोन जनुकं आहेत. दोघांमध्ये सुमारे एक कोटी वीस लाख अक्षरांचं अंतर, आणि दोघांची दिशाही एकमेकांच्या उलट. एएलकेचं काम मुख्यतः गर्भातल्या मज्जासंस्थेच्या घडणीत. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात ते गप्प असतं. एखाद्या पेशीत गुणसूत्राचा हा पट्टा दोन ठिकाणी तुटतो, उलटा होतो आणि पुन्हा चिकटतो. मजकुरातलं फारसं काही हरवत नाही, फक्त मधला भाग उलटा लागतो. पण त्यामुळे ईएमएल४चा सुरुवातीचा भाग आणि एएलकेचा शेवटचा भाग शेजारी येतात, एका दिशेला तोंड करून, आणि पेशी ते दोन्ही एका दमात वाचते. तयार होणाऱ्या जोडप्रथिनातला ईएमएल४चा भाग असा, की ही प्रथिनं एकमेकांना चिकटतात. एएलके चालू व्हायला तेवढंच पुरतं. ज्या बटणाला कोणी हात लावत नव्हतं ते आता दाबलेल्या अवस्थेतच अडकतं, आणि पेशीला ‘वाढ, वाढ’ हा एकच आदेश मिळत राहतो.

ही उलथापालथ शोधली हिरोयुकी मानो यांच्या जपानमधल्या जिची मेडिकल युनिव्हर्सिटीतल्या चमूनं. धूम्रपान करणाऱ्या एका बासष्ट वर्षांच्या गृहस्थांच्या गाठीतला जनुकीय मजकूर त्यांनी तुकड्यातुकड्यानं उंदराच्या साध्या पेशींमध्ये सोडला आणि कुठल्या तुकड्यानं पेशी बेफाम वाढतात ते पाहिलं. जो सापडला तो हा जोड. मग ७५ जपानी रुग्णांचे नमुने तपासले, त्यात पाच जणांत तो निघाला. २००७ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

आणि इथे एक योगायोग आहे. त्याच सुमारास फायझर कंपनीच्या क्रिझोटिनिब या औषधाच्या माणसांवरच्या पहिल्या चाचण्या सुरू होत्या. औषध बनवलं होतं मेट नावाच्या वेगळ्याच प्रथिनासाठी. पण ते एएलकेलाही अडवतं हे माहीत होतं. जपानमधला शोध छापून येताच त्या चाचणीत एएलके असलेले रुग्ण घेतले जाऊ लागले. २०१० साली पहिल्या ८२ रुग्णांचा अहवाल आला : निम्म्याहून अधिकांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या होत्या. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. शोधापासून गोळीपर्यंत चार वर्षं! औषधांच्या जगात एवढ्या वेळात एरवी प्रयोगशाळेचा उंबरठाही ओलांडून होत नाही.

पण गाठही शिकते. औषध ज्या खाचेत बसतं तिथलं एखादं अक्षर बदलून ती निसटते. शिवाय हा आजार मेंदूत शिरतो, आणि क्रिझोटिनिब तिथे फारसं पोचत नाही. म्हणून पुढच्या औषधांची घडण बदलत गेली. लॉर्लाटिनिबचा रेणू तर कड्यासारखा वळवलेला आहे, आटोपशीर, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा पहारा ओलांडू शकणारा. २९६ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही औषधांची तुलना झाली आणि २०२४ मध्ये पाच वर्षांचे निकाल आले. पाच वर्षांनंतरही आजार पुढे न सरकलेल्यांचं प्रमाण क्रिझोटिनिबच्या गटात ८ टक्के, लॉर्लाटिनिबच्या गटात ६० टक्के. हा आकडा शरीरभर पसरलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाचा आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा चुकीचा छापला असेल असं वाटून पुन्हा वाचला होता. त्रास नाहीत असं नाही. कोलेस्टेरॉल चढतं, वजन वाढतं, काहींची मनःस्थिती आणि स्मरण बिघडतं. तरीही पाच वर्षं म्हणजे पहिलीत घातलेलं मूल पाचवी ओलांडताना पाहणं.

मात्र हा जोड शंभर रुग्णांत तीन ते पाच जणांतच असतो, बहुधा तुलनेनं तरुण आणि कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्यांत. तो आहे की नाही हे ओळखण्याची एक रीत फार देखणी आहे. काचेवरच्या कापावर दोन चमकते रंग सोडतात. एएलके जनुकाच्या एका बाजूला लाल ठिपका चिकटतो, दुसऱ्या बाजूला हिरवा. जनुक जागेवर असेल तर दोन्ही इतके जवळ, की मिळून पिवळसर दिसतात. पट्टा तुटून उलटला असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून निदान पन्नास पेशी मोजायच्या. शंभरात पंधरा किंवा अधिक पेशींत ठिपके फुटलेले दिसले की अहवालात ‘पॉझिटिव्ह’ लिहायचं. गुणसूत्र उलटं झालेलं माणसाला रंगांत दिसतं, याचं मला आजही नवल वाटतं.

भारतात याहून कितीतरी जास्त भेटणारी चूक ईजीएफआर जनुकातली. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ९०७ रुग्णांचा अभ्यास छापला. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात २३ टक्क्यांमध्ये ती सापडली. तिच्यावर जेफिटिनिबची गोळी चालते. पण २००९ मध्ये पूर्व आशियातल्या एका मोठ्या चाचणीनं दाखवून दिलं, की बदल असेल तर गोळी केमोपेक्षा सरस आणि नसेल तर केमोपेक्षा वाईट. म्हणून तुकडा वाचल्याशिवाय गोळी द्यायची नाही, हे तेव्हापासून पक्कं झालं.

परळच्याच डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला : गोळी आणि केमो एकत्र दिली तर? ३५० रुग्णांची ही चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या गोळीवर आजार थोपून राहण्याचा मध्यक कालावधी ८ महिने होता, दोन्हींवर १६. तीव्र दुष्परिणामही दुपटीनं वाढले, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. मला या चाचणीचं मोल अधिक वाटतं, कारण तिच्यातली औषधं भारतात जेनेरिक स्वरूपात मिळणारी होती. लॉर्लाटिनिबसारखी गोळी अनेक घरांच्या आवाक्याबाहेर असताना, हाताशी असलेल्या औषधांतून जास्तीत जास्त आयुष्य कसं मिळवायचं, हे संशोधन इथेच व्हायला हवं होतं.

मात्र तुकडा काढलाच गेला नाही तर यातलं काहीच होत नाही. आपल्याकडे खोकला, वजन घटणं आणि एक्स-रेवरचा डाग म्हटलं की पहिला संशय टीबीचा, आणि तो रास्तही असतो. पण थुंकीत जंतू न सापडता टीबीच्या गोळ्या सुरू होतात, महिने जातात, डाग वाढतो. गोळ्यांनी फरक पडत नसेल तर सुई घालून पाहण्याचा आग्रह घरच्यांनीही धरावा, असं मला कळकळीनं वाटतं.

तुकड्यापासून गोळीपर्यंतच्या या साखळीत काम करणारी माणसं कोण, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. कर्करोगात करिअर म्हणजे एमबीबीएस, एमडी, मग तीन वर्षांचं डीएम, एवढंच चित्र डोळ्यांपुढे असतं. मला अशा वेळी कमल रणदिवे आठवतात. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या, हुजूरपागेतून फर्ग्युसनला गेलेल्या. त्यांनी डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती, त्या वळल्या वनस्पतिशास्त्राकडे. एमएस्सीला विषय घेतला सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं! मुंबईत टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळेत त्यांना गुरू भेटले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. पुढे रणदिवे यांनी भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली, म्हणजे शरीराबाहेर पेशी जगवण्याची सोय. सीताफळाचं गुणसूत्र पाहायला सरावलेला डोळा कर्करोगाच्या पेशीकडे वळला, तो असा.

आजही तसंच आहे. काप काढणारा तंत्रज्ञ डीएमएलटी झालेला असू शकतो. डीएनएचा मजकूर यंत्रातून बाहेर पडल्यावर त्यातली खरी चूक कोणती, हे ठरवायला संगणक आणि जीवशास्त्र दोन्ही जाणणारा माणूस लागतो. फिजिक्सची आवड असलेल्यांसाठी तर एक दार अणुशक्तीनगरातच आहे : भाभा अणुसंशोधन केंद्रातला रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम. फुफ्फुसातली गाठ श्वासाबरोबर वरखाली होते, छाती आणि पोटामधल्या पडद्याजवळ असेल तर सेंटिमीटरभर आणि त्याहून जास्तही. किरणांचा झोत तिच्यावर पडावा आणि शेजारच्या हृदयावर पडू नये, यासाठी श्वासाची प्रत्येक अवस्था टिपून गणित मांडायचं असतं. ते मांडतो मेडिकल फिजिसिस्ट. रुग्ण त्याला बहुतेक वेळा पाहतही नाही.

आणि नर्सेस, ज्यांना गोळीमुळे आलेलं अंगावरचं पुरळ डॉक्टरांआधी दिसतं. शिवाय अलीकडचं एक काम : टाटा मेमोरियलनं ‘केवट’ नावाचा अभ्यासक्रम सुरू केला आहे, रुग्णाला दवाखान्याच्या खिडक्या, तपासण्या, अर्ज आणि योजना यांतून हात धरून पार नेणारी माणसं घडवण्यासाठी. रामाला गंगेपार नेणाऱ्या नावाड्याचं नाव.

परत निघणाऱ्या कुटुंबाला अशा जाणत्या माणसाकडून एक गोष्ट ऐकायला मिळते : ब्लॉक सांभाळा. गाडीत उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडतं. आता गोळी सुरू झाली म्हणून टाकून देऊ नका. आजार पुन्हा हलला तर नवा तुकडा काढावा लागेल किंवा रक्तातून गाठीचा डीएनए शोधावा लागेल, आणि त्या वेळी काय बदललं हे पाहायला जुनाही शेजारी लागू शकतो. मग तो चौकोन पुन्हा रुमालात जातो, पिशवीच्या तळाशी, आणि संध्याकाळच्या गाडीनं नांदेडकडे निघतो.