गोळी कोणती, कशासाठी, किती दिवस?

मागच्या महिन्यात विहारातली आरोग्य बैठक संपल्यावर वस्तीतल्या एक ताई मागे थांबल्या. त्या एका वृद्धाश्रमात रात्रपाळीला मावशी म्हणून काम करतात. म्हणाल्या, "एक आजी रात्रभर लेकाला हाका मारते. मग मला सांगतात, हिला गोळी दे. गोळी दिली की आजी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळा उघडत नाही. घास तोंडात तसाच राहतो. कसली गोळी म्हणून विचारलं तर झोपेची म्हणतात. कुठं लिहिलेलं नाही. देणारी मी, उद्या काही झालं तर?"

त्यांना तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही शोधाशोध केली, तेव्हा दिसले की हाच प्रश्न अमेरिकेने कायद्यात आणि फॉर्मात घातलेला आहे. त्या फॉर्मची गोष्ट अर्धी चांगली आहे, अर्धी वाईट. दोन्ही सांगतो.

आधी एक खुलासा. नर्सिंग होम म्हटले की आपल्याला बाळंतपणाचा खासगी दवाखाना आठवतो. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे ज्यांचे स्वतःचे स्वतःला होत नाही अशा म्हाताऱ्या, आजारी माणसांनी राहायची जागा. तिथेही हाका मारणाऱ्या आजी-आजोबांना औषध देऊन गप्प ठेवण्याची सवय जुनी होती. १९८७ साली तिथे कायदा झाला. शिस्त लावण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणालाही औषधाने जखडून ठेवता येणार नाही, असे त्यात आले. दोरीने बांधणे आणि गोळीने बांधणे एकाच रांगेत बसवले गेले.

कायद्याबरोबर प्रत्येक माणसाची ठरावीक तपासणी आली. तिच्या नोंदीला 'मिनिमम डेटा सेट' म्हणतात. माणूस राहायला आला की चौदा दिवसांत, पुढे दर तीन महिन्यांनी आणि वर्षातून एकदा सविस्तर भरायची. यातला 'एन' विभाग औषधांचा. मागच्या सात दिवसांत मनावर काम करणारे औषध दिले का, ते तिथे लिहायचे: भ्रम-भासांवरचे म्हणजे अँटिसायकोटिक, चिंतेवरचे, उदासीनतेवरचे, झोपेचे. एकदाच दिले असले तरी नोंद करायची.

ताईंच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला इथल्या एका बारीक नियमात सापडले. औषध कशासाठी दिले यावरून त्याचा प्रकार ठरत नाही, औषध मुळात कोणत्या जातकुळीचे यावरून ठरतो. आजीला झोप यावी म्हणून क्वेटियापिन दिली तरी नोंद अँटिसायकोटिक म्हणूनच होते. 'झोपेची गोळी' म्हणून ती खपवता येत नाही. आणि ऑक्टोबर २०२३ पासून दुसरा रकानाही आला: हे औषध देण्याचे कारण कागदावर आहे का?

अँटिसायकोटिक चालू असेल तर आणखी विचारतात. डोस हळूहळू कमी करून पाहिला का? कोणत्या तारखेला? पहिल्या वर्षात दोन वेगवेगळ्या तिमाहींत, मध्ये किमान महिनाभर ठेवून, तो प्रयत्न करावा लागतो. पुढे वर्षातून एकदा. डोस कमी करणे रुग्णाला धोक्याचे असेल तर डॉक्टरने तसे कारण लिहायचे.

एवढी काटेकोर नोंद कशाला? स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांच्या सतरा चाचण्या अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तपासल्या. बहुतेक दहा आठवड्यांच्या होत्या. नव्या अँटिसायकोटिक गोळ्या घेणाऱ्यांत सुमारे ४.५ टक्के माणसे दगावली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २.६ टक्के. मृत्यू बहुतेक हृदयाचे, नाहीतर न्यूमोनियासारख्या संसर्गाचे. २००५ साली या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापणे आले, २००८ साली हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवरही.

आता वाईट अर्धे. २०१२ साली सरकारने ही औषधे कमी करण्याची मोहीम काढली आणि कोणते नर्सिंग होम किती देते हे लोकांपुढे मांडू लागले. पण स्किझोफ्रेनियाचा रुग्ण त्या मोजणीतून वगळलेला होता, कारण त्याला हे औषध खरेच लागते. मग काय झाले असेल? म्हाताऱ्यांच्या कागदावर स्किझोफ्रेनिया वाढला. हा आजार बहुधा तरुणपणी सुरू होतो. ऐंशीव्या वर्षी अचानक तो कुठून येणार? सरकारच्याच तपासनिसांनी २०२१ साली दाखवले, की २०१८ मध्ये ज्यांच्या फॉर्मवर स्किझोफ्रेनिया होता त्यांतल्या जवळजवळ एकतृतीयांश लोकांचे त्या आजाराच्या उपचाराचे एकही बिल मेडिकेअर या सरकारी विम्याकडे आलेले नव्हते. स्मृतिभ्रंश झालेल्या काळ्या लोकांवर हा शिक्का गोऱ्यांपेक्षा जास्त बसला, हेही अभ्यासात दिसले. आपल्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही.

जानेवारी २०२३ मध्ये सरकारने अशा नोंदी तपासण्याचे जाहीर केले. खोटी सापडली तर त्या जागेचे मानांकन खाली. तोवर काही ठिकाणी दुसरी वाट निघाली होती, अँटिसायकोटिकऐवजी फिटवरची औषधे. ती वाढल्याचे दिसले आणि ऑक्टोबर २०२४ पासून फॉर्ममध्ये त्यांचाही रकाना आला. फॉर्म असा चोराच्या मागून धावतो. तरी फॉर्म होता, म्हणूनच चोरी पकडता आली.

हे सगळे आम्ही ताईंना सांगितले. अमेरिकेचा फॉर्म आपल्याला लागू नाही, पण वही दहा रुपयांत मिळते. वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मावशींनी आणि घरात म्हातारे माणूस सांभाळणाऱ्यांनीही एवढे लिहावे: गोळीचे पाकिटावरचे नाव, कोणत्या डॉक्टरने दिली, कशासाठी, कधीपासून, पुन्हा कधी तपासणार. बाजूला आपण पाहिलेले लिहावे. किती तास झोपली, पडली का, हातपाय ताठ झाले का, घास गिळता येतो का. हे दिवसातून एकदा येणाऱ्या डॉक्टरला दिसत नाही, मावशीला दिसते.

रात्री ओरडण्याचे कारणही आधी शोधावे. लघवीचा जंतुसंसर्ग, साचलेली शौचाला, दुखणारा गुडघा, हरवलेला चष्मा, भूक. मात्र चालू गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. चिंतेवरच्या आणि झोपेच्या काही गोळ्या अचानक थांबवल्या तर फिट येऊ शकते. वही डॉक्टरपुढे धरावी आणि डोस कमी करता येईल का, ते विचारावे.

गेल्या रविवारी ताई वही घेऊन आल्या. पहिल्या पानावर गोळीचे नाव होते. ती झोपेची नव्हती, अँटिसायकोटिक निघाली. 'कशासाठी'चा रकाना अजून कोरा होता. डॉक्टर बुधवारी येतात, तेव्हा विचारते म्हणाल्या. आणि आजीला रात्री आठनंतर पुन्हा लघवीला नेऊन आणले, तर ती दोन रात्री कमी ओरडली, असे खाली पेन्सिलने लिहिलेले होते.