स्वतःला विचारावयाचा प्रश्न

इंदूरच्या भंवरकुआं परिसरात सकाळी फेरफटका मारणाऱ्यास शिकवणी-वर्गांच्या फलकांपलीकडे आकाश म्हणून काही दिसत नाही. मध्यप्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्य कार्यालय याच शहरात असल्याने निमाड, माळवा, बुंदेलखंड अशा दूरदूरच्या मुलुखांतून तरुण येथे येतात, भाड्याची खोली घेतात आणि वर्षानुवर्षे परीक्षा देत राहतात. अभ्यास कसा करावा, हे त्यांना सांगणारे पुष्कळ आहेत. हे आपल्याला हवे आहे काय, असे विचारणारा मात्र क्वचितच भेटतो. आणि भेटलाच तर तो शुल्क घेणारा नसतो.

या शहरापासून जेमतेम पस्तीस किलोमीटरांवर देवास आहे. 1948 च्या जानेवारीत तेथे एका तरुणाला क्षयरोगावर हवापालटासाठी आणले गेले. वय अवघे तेवीस; म्हणजे आज भंवरकुआंत पुस्तके घेऊन हिंडणाऱ्या मुलांएवढेच. बालपणापासून ज्याच्या गळ्याने मैफली जिंकल्या, त्या कुमार गंधर्वांना वैद्यकाने गाण्याची सक्त मनाई केली. पुढची पाचसहा वर्षे गेली ती बहुतांशी अंथरुणावर.

बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या या मुलाची कीर्ती आरंभी होती ती अनुकरणाची. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या हुबेहूब म्हणून दाखवी आणि लोक थक्क होत. मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे तो आला, आणि येथे खरे मार्गदर्शन म्हणजे काय ते दिसते. देवधरांनी त्याला एकाच घराण्याच्या चौकटीत कोंडले नाही. नाना गवयांचे गाणे ऐकण्याची वाट मोकळी ठेवली. मूळच्या आपल्या गोमंतकातील अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही त्याने शिक्षण घेतले. भर कीर्तीत मैफली थांबवणाऱ्या या बाईंपाशी, टाळ्यांवाचूनही गाणे असते, हे त्या मुलाला वेगळे सांगावे लागले नसेल.

देवासच्या त्या सक्तीच्या शांततेत ते ऐकू लागले. माळव्यातील बायकांची लोकगीते, दारावरून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने, हे सारे कानांवर पडत होते. गाता येत नाही, तर गाणे म्हणजे नेमके काय, याचा शोध त्यांनी घेतला. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचे नवे औषध मिळाल्यावर ते बरे झाले आणि 1953 च्या सुमारास पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. लांब दमाची तान आता शक्य नव्हती. त्यांनी श्वासाची ती मर्यादाच गायकीत सामावून घेतली. लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडवले आणि 1965 मध्ये ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध केला.

ही कथा सांगताना एक सावधगिरी बाळगणे आम्हांस अगत्याचे वाटते. दुःखातून प्रतिभा उमलते, असा सोयीस्कर निष्कर्ष येथून काढणे अनर्थकारक होईल. कुमारांच्या आत्मचिंतनाला आधार होता तो औषधाचा, डॉक्टरांचा आणि अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या पत्नी भानुमतीबाईंचा. एकाकी खोलीत, निकालाच्या आदल्या रात्री, सोबतीवाचून केलेले आत्मचिंतन पाहता पाहता आत्मपीडन होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. त्यांपैकी दोन हजारांहून अधिक मृत्यूंचे कारण परीक्षेतील अपयश असे नोंदले आहे. बाकीच्यांची कारणे निरनिराळी असतील. परंतु मनातले बोलायला त्यांतील कितीजणांस कोणी होते, याची नोंद कोणत्या रकान्यात करणार?

या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेला निर्णय वरवर चाळण्याजोगा नाही. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ नेमावा आणि गुणांच्या उतरंडीनुसार तुकड्या पाडू नयेत, असे न्यायालयाने सांगितले. शिकवणी-वर्गांनाही हे लागू आहे. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्येच सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी-वर्गात प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. कागद उत्तम आहेत. तथापि, समुपदेशकाची नेमणूक म्हणजे फलकावर आणखी एक नाव, असे होण्यास आपल्याकडे वेळ लागत नाही. ज्याची उपजीविका पहिल्या क्रमांकांच्या छायाचित्रांवर चालते, तो विद्यार्थ्यास ‘तू ही परीक्षा सोड’ असे सांगू शकेल काय? समुपदेशक संस्थेच्या निकालापासून स्वतंत्र असल्याशिवाय हे अवघड आहे.

गोव्यातून आणि कोकणातूनही मुले बाहेरगावी अशा वर्गांना जातात. शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी पालकांनी संस्थेस तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: येथील समुपदेशक कोण, तो मुलांना केव्हा भेटतो, आणि मुलाने जे सांगितले ते कोणाच्या कानी जाते. चौथा प्रश्न घरच्या ओसरीवर, मुलालाच विचारावयाचा आहे. त्याचे उत्तर नकारार्थी आले तरी जेवणाचे ताट तसेच वाढले जाईल, हे त्याला आधी ठाऊक असले पाहिजे. आणि बाहेरगावी खोलीच्या भिंतीवर वेळापत्रकाशेजारी चौदा हजार चारशे सोळा, म्हणजे 14416, हा क्रमांकही लिहून ठेवावा. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा तो दूरध्वनी रात्रीबेरात्रीही उचलला जातो आणि तेथे मराठीतून बोलता येते.