बाटलीचं रॉकेट

बैठकीत आपण हप्ते, व्याज आणि कर्जाचं बोलतो. आज रॉकेटचं बोलू या. सुगी उरकली की आम्ही गटातल्या बायका आणि आमची पोरं-पोरी एका रविवारी मोकळ्या रानात जमतो आणि पाण्याची रॉकेटं उडवतो. तीन वर्षं झाली, हा नादच लागलाय.

सामान घरचंच. थंड पेयाची दोन लिटरची रिकामी बाटली घ्यायची, चिरलेली नको. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, ती दाब सोसत नाही. तोंडात घट्ट बसेल असं रबरी बूच आणि बुचातून आरपार बसवलेला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व. पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवले की बाटली सरळ जाते. पाव ते तिसरा हिस्सा पाणी भरायचं, बाटली उलटी उभी करायची आणि पंपाने हवा भरायची. दाब वाढला की बूच निसटतं, पाणी खाली फेकलं जातं आणि बाटली वर झेपावते.

एकीने विचारलं, "पाणी तर जड. नुसती हवाच भरली तर?" भरून पाहिली. बाटली थोडी उडाली आणि पडली. असं का? झोपाळ्यावर बसून ओढणी पुढे फेका, झोपाळा जागचा हलत नाही. धान्याची पिशवी जोरात फेका, झोपाळा मागे जातो. जड वस्तू फेकली की उलटा धक्काही मोठा बसतो. न्यूटनने 1687 साली हाच नियम मांडला. पण पाणी काठोकाठ भरलं, तर ते ढकलायला हवेला जागाच उरत नाही. म्हणून दोन्ही बेताने.

पहिल्या वर्षी आमची चूक झाली. बूच निसटेना म्हणून आमच्यातली एक बाटलीवर वाकली आणि तेवढ्यात बाटली तिच्या कानाजवळून गेली. थोडक्यात वाचली. तेव्हापासून पंपाची नळी लांब लावतो, बाकीचे दहा पावलं मागे उभे राहतात. रॉकेट अडलं तर जवळ जायचं नाही.

दुसरी चूक उशिरा दिसली. पोरं पंप मारायची आणि पोरी पाणी आणायच्या. आम्हीच तशी कामं वाटली होती! आता चिठ्ठी निघेल त्याने पंप मारायचा. यंदा कायम मागे उभ्या राहणाऱ्या एका आठवीतल्या पोरीची चिठ्ठी निघाली. बाटली पिंपळाच्याही वर गेली. खाली आल्यावर ती म्हणाली, "पाणी जरा कमी करून बघू?" पुढची पाच रॉकेटं तिनेच उडवली, दर वेळी पाणी मोजून, वहीत लिहून.

21 नोव्हेंबर 1963 ला केरळात थुंबा इथून आपल्या देशातलं पहिलं रॉकेट अवकाशाकडे गेलं. तिथे रॉकेटचा भाग सायकलवरून नेतानाचा फोटो प्रसिद्ध आहे. सायकल आपल्याही दारात आहे, पंपही आहे. तो पोरींच्या हातात द्यायचा, एवढंच आपल्याकडून राहिलंय.