दिल्लीचा रिज : एका वेढ्याची पायवाट

दिल्लीला गेलेला माणूस लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट पाहून येतो. आज मी तुम्हाला वेगळ्या वाटेनं नेणार आहे. दिल्ली विद्यापीठाजवळच्या फ्लॅगस्टाफ टॉवरपासून काश्मिरी गेटपर्यंतची ही वाट रमतगमत गेलात तर अर्ध्या दिवसाची आहे. तीच 1857 च्या दिल्लीच्या लढाईची वाट आहे.

आधी जमीन समजून घेऊ. उत्तर दिल्लीत एक बुटकी, खडकाळ डोंगरधार आहे. तिला रिज म्हणतात. आज तिथे दाट झाडी आहे, तेव्हा ती उघडीबोडकी होती. उंची फार नाही, पण तिथून शहराची तटबंदी तोफेच्या टप्प्यात दिसत होती. मागे पंजाबकडे जाणारा रस्ता होता. कुमक, दारूगोळा, धान्य, सगळं त्याच रस्त्यानं येणार होतं. म्हणून 8 जून 1857 ला बादली की सरायची लढाई जिंकल्यावर कंपनीच्या फौजेनं हीच जागा धरली.

फ्लॅगस्टाफ टॉवर हा गोल, जाड भिंतींचा बुरूज. 11 मे रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले, तेव्हा इंग्रज कुटुंबं इथे मदतीची वाट पाहत थांबली होती. मदत आली नाही. शेवटी ती कर्नालच्या दिशेनं पळाली.

तिथून दक्षिणेकडे चाललात की हिंदूराव रुग्णालय येतं. हे नाव आपल्या ओळखीचं वाटेल. हिंदूराव घाटगे म्हणजे कागलच्या घाटग्यांपैकी, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. इथली कोठी त्यांची होती. वेढ्यात ती शहराच्या बाजूची सगळ्यात पुढची चौकी ठरली. सिरमूर बटालियनच्या गुरख्यांनी ती लढवली. त्यांचे निम्म्याहून अधिक जवान मृत किंवा जखमी झाले. समोरून हल्ले चढवणारे शिपाईही कवायती फौजेतलेच होते. जुलैच्या सुरुवातीला बरेलीची ब्रिगेड घेऊन आलेला बख्त खान कंपनीच्या तोफखान्यात सुभेदार होता. दोन्ही बाजूंचं शिक्षण एकाच शाळेतलं!

जवळच सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. फिरोजशहा तुघलकानं तो मेरठहून आणला. पुढे एका स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. 1867 मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला.

आता अजितगड. 1863 मध्ये बांधलेला हा लाल दगडाचा मनोरा, मूळ नाव म्युटिनी मेमोरियल. दिल्ली फील्ड फोर्समधल्या मृत आणि जखमींसाठी तो उभारला. शिलालेख शांतपणे वाचा. युरोपीय आणि ‘नेटिव्ह’ अशी वेगळी मोजदाद आहे. आणि समोरच्या पक्षाला एकच शब्द आहे : शत्रू.

स्वतंत्र भारतानं या स्मारकाचं काय करावं? पाडता आलं असतं. मूळ अक्षरं खोडता आली असती. 1972 मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, सरकारनं वेगळा मार्ग घेतला. नाव बदलून अजितगड केलं आणि नवी पाटी लावली. ज्यांना इथे शत्रू म्हटलं आहे, ते परकी सत्तेविरुद्ध लढलेले वीर होते, असा तिचा आशय. जुना मजकूर तसाच राहिला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. एकाच भिंतीवर दोन्ही साक्षी आहेत आणि निवाडा वाचणाऱ्यानं करायचा आहे.

शेवटचा मुक्काम काश्मिरी गेट. 14 सप्टेंबरला सकाळी दारूच्या पिशव्या लावून हा दरवाजा उडवला. 1876 मध्ये बसवलेल्या दगडावर त्या तुकडीची नावं आहेत. लेफ्टनंट होम आणि सॅल्केल्ड यांच्याबरोबर सुभेदार तुलाराम, हवालदार तिलोकसिंग, शिपाई रामहेत हीही. जवळच्या कब्रस्तानात ब्रिगेडियर निकल्सनची कबर आहे. याच हल्ल्यात तो जखमी झाला आणि 23 सप्टेंबरला गेला.

आता दरवाजाच्या आतल्या बाजूला उभे राहा. इथेही शिपाईच होते, तेही असेच कुणाचे मुलगे, कुणाचे भाऊ. त्यांची नावं त्या दगडावर नाहीत. हरलेल्या फौजेची हजेरीवही कोण जपणार? फौजेत एक गोष्ट मनावर बिंबते : जवान नावानं ओळखला पाहिजे, आकड्यानं नव्हे. म्हणून कुठल्याही स्मारकापुढे गेलात की तीन प्रश्न विचारा. हे कुणी बांधलं? कुणाची नावं आहेत? कुणाची नाहीत?

जाताना सकाळची वेळ धरा, पाणी बरोबर घ्या. रिजवर माकडं पुष्कळ आहेत, हातात खाऊ ठेवू नका. आणि आतल्या बाजूच्या त्या बिननावाच्या शिपायांसाठी मिनिटभर थांबा.

जय हिंद.