ऐनाच्या झाडावरचा पहारा

पहाटे 5. आश्विन लागलाय, कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, दुसरं पीक झाडावर आहे. विदर्भातल्या कुरखेडा-आरमोरी पट्ट्यातला ढिवर समाजाचा कोसापालक गलोल घेऊन उजाडायच्या आत जंगल गाठतो, कारण पाखरं त्याच्याही आधी उठतात. ऐनाच्या पानाआडची बोटाएवढी हिरवी अळी आपल्याला दिसत नाही. कावळ्याला बरोबर दिसते.

सकाळी 7. झाडागणिक फेरी. बुंध्यावर मुंग्या चढल्या का? गांधीलमाशी घिरट्या घालतेय का? रोगानं मेलेली अळी फांदीला उलटी लोंबते, ती काढून लांब पुरायची. "इकडचा पाला सरला गा," एवढं म्हटलं की पोरगा अळ्यांसकट डहाळी छाटतो आणि भरल्या झाडावर नेऊन अडकवतो. चार वेळा कात टाकून अळी कोश विणायला बसेपर्यंत, महिना-दीड महिना, हेच काम.

सकाळी 11. शिदोरी झाडाखालीच. अळी कोसापालकाची, झाड वनखात्याचं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं टसर आणि कोश गौण वनोपजांत धरले. पण ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत. त्यांना हक्कासाठी तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. गलोलीनं पाखरं हाकणाऱ्या आज्यानं कागद कुठून ठेवले असणार?

दुपारी 2. आरमोरीकडे बायका उकडलेल्या कोशांचे तंतू एकत्र ओढून मांडीवर पीळ देतात. कातडी सोलवटते. ही पद्धत थांबावी म्हणून सरकारनं यंत्रं पुढे केली, ते बरंच झालं.

दुपारी 4. नागभीडचा खड्डामाग, त्यावर करवतकाठी साडी. तीन धोटे: मधला कोशाचा, कडेचे दोन सुती काठांचे. जिथं दोन्ही सुतं एकमेकांत अडकतात, तिथं करवतीचे दाते उमटतात. फेर चुकला की दाता मोडतो. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे गिरण्यांच्या स्वस्त कापडानं विदर्भातल्या साध्या सुती मागांचं गिऱ्हाईक नेलं. करवतकाठी तगली, कारण हा काठ हातानंच जमतो. योजना, प्रदर्शनं, अनुदान बरंचसं मागाशी येऊन थांबतं. माझ्या मते दुखणं सुरुवातीच्या टोकाला, झाडाशी आहे. इथला कोसा कमी पडला तर विणकर बाहेरचं सूत लावून साडी पुरी करील. कोसापालकाला तशी सोय नाही.

संध्याकाळी 7. हिवाळी पिकाचे अंडीपुंज घ्यायचे की नाही, हे आजच ठरवायचंय. धानकापणी तोंडावर आली आहे, आणि तिची मजुरी हातोहात मिळते.